मामांचं मीठ

तेल्हाऱ्याचे माझे मामा सहा वर्षांपासून किडनीचे पेशंट आहेत. डायलिसिसची वेळ अजून आलेली नाही, पण त्यांच्या क्रिएटिनिनचा आकडा आमच्या घरात क्रिकेटच्या स्कोअरसारखा सगळ्यांना पाठ असतो. मागच्या दिवाळीत गेलो तर मामांनी मीठच बदललेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं म्हणे.. आयोडिनचं मीठ इंग्रजांनी आपल्या गळ्यात मारलं, आपलं खरं मीठ सैंधव, त्याने बीपी वाढत नाही आणि किडनी सुधारते.

"अन् कितीबी खाल्लं तं चालते," मामा म्हणाले.

मला हसूच आलं. कारण मीठ आणि इंग्रज यांचा खरा इतिहास मामांच्याच जिल्ह्यात घडलाय. तेल्हारा तालुक्यात उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, पाणी गोडं. दक्षिणेला पूर्णेकडे सरकलात की विहिरी खाऱ्या. हाच तो खारपाणपट्टा, अकोला, अमरावती, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. या विहिरींच्या पाण्यातून पूर्वी लोक मीठ काढायचे, इंग्रजी अमलात ते बंद झालं. पुढे १९३० मध्ये दांडीनंतर देशभर मिठाचे सत्याग्रह सुरू झाले, तेव्हा वऱ्हाडाची पंचाईत झाली. समुद्र आणायचा कुठून? उत्तर विहिरीत होतं! अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला खारं पाणी आटवून कायदा मोडला गेला. ब्रिजलाल बियाणींसारखे पुढारी त्यात होते. (आम्हाला शाळेत दांडी पाठ, दहिहांडा कुणी सांगितलाच नाही. असो.)

म्हणजे इंग्रजांनी मिठावर कर लावला, मीठ करायला बंदी घातली, हे खरं. आयोडिनशी त्यांचा संबंध नाही. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात गलगंडाचे रोगी फार, म्हणून १९५६ मध्ये डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी तिथे आयोडिनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. सगळं स्वातंत्र्यानंतरचं. आणि सैंधव? तेही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच. खाणीतलं असो की समुद्रातलं, बीपीला फरक पडत नाही. ज्या भागातले लोक खाऱ्या पाण्यातून सुटायला धडपडतात, जिथे त्यासाठी वाण धरणाचं पाणी पाइपाने नेणारी ८४ खेडी योजना करावी लागली, तिथे "कितीबी खाल्लं तं चालते" असा मेसेज फिरतोय!

हे सगळं मी मामांना चांगलं अर्धा तास ऐकवलं. पुण्याला परत आल्यावर त्यांच्यासाठी ऑनलाइन कमी सोडियमचं मीठ मागवलं. हवेत नाही, अभ्यास वाचून. चीनमधली ६०० खेडी, सुमारे २१,००० माणसं, निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला, पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. आकडे खरे, जर्नल नामांकित.

मी फक्त सारांश वाचला होता. अभ्यासात कुणाला घेतलं नव्हतं, ते वाचलं नव्हतं. किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना त्यातून वगळलं होतं. कारण या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घालतात. धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकते. मामांच्या किडनीला ते झेपत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये या मिठाची शिफारस केली, तीही किडनीचे रुग्ण वगळून.

सहा आठवड्यांनी मामांचं पोटॅशियम ६.२ आलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, "घरात मीठ कोणतं?" मामीने नाव सांगितलं. मामा दोन दिवस अ‍ॅडमिट होते.

मी रात्रीच्या बसने पोचलो. काय बोलावं सुचेना. मामाच म्हणाले, "तुह्यं मीठ त्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्याहून महागात पडलं बाप्पा."

आता मामी सकाळीच दिवसभराचं साधं मीठ डॉक्टरांनी सांगितलं तेवढं मोजून एका वाटीत काढून ठेवते. मामा जेवताना वाटीकडे बघतात आणि कुरकुर करतात.

परवा त्यांचा फोन आला होता. शहाळ्याच्या पाण्याने किडनी धुऊन निघते असं आलंय, खरं आहे का? शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं हे एव्हाना मला माहीत झालंय. तरी म्हटलं, मामा, डॉक्टरांना फोन लावा, मी लाइनवर थांबतो.