कॉम्रेड्स मॅरेथॉन: पाच चढणी आणि बारा तास

कॉम्रेड्स मॅरेथॉन ही दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात डर्बन व पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांदरम्यान होणारी, सुमारे ८५ ते ९० किलोमीटरांची वार्षिक दौड होय. १८९३ साली मोहनदास गांधी यांना आगगाडीच्या पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवण्यात आले, ते पीटरमारित्झबर्ग हेच. दौडीची दिशा साधारणतः आलटूनपालटून बदलते: डर्बनहून निघाल्यास ‘चढती’, उलट दिशेने ‘उतरती’.

या दौडीचे जनक व्हिक क्लॅपहॅम हे रेल्वेचे इंजिनचालक. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत त्यांनी सुमारे २,७०० किलोमीटरांची पायपीट केली. मृत सहकाऱ्यांचे स्मरण शरीराच्या कसोटीतूनच व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. आरंभी परवानगी नाकारली गेली. अखेर २४ मे १९२१ रोजी ३४ धावपटू निघाले आणि १६ पोहोचले. विजेते बिल रोवन यांना ८ तास ५९ मिनिटे लागली.

चढत्या दौडीचा मार्ग हिंदी महासागराच्या किनाऱ्याजवळून निघून उपनगरांतून वर सरकतो. काउइज हिल, फील्ड्स हिल आणि बोथाज हिल या तीन मोठ्या चढणी पूर्वार्धातच येतात. बोथाज हिलच्या परिसरातून ‘सहस्र टेकड्यांचे खोरे’ दृष्टीस पडते. मध्यावरील ड्रमंडनंतर इंचांगाची चढण लागते. पुढे उघडी माळराने आणि उसाचे मळे येतात. याच प्रांतातील उसासाठी १८६० पासून करारबद्ध भारतीय मजूर आणले गेले. उमलास रोडजवळ मार्ग समुद्रसपाटीपासून ८०० मीटरांहून अधिक उंचीवर पोहोचतो. शेवट जवळ आल्यावर उभी राहते ती पॉली शॉर्ट्स. पूर्वार्धात उतावीळपणे शक्ती खर्च केलेल्यांचा हिशेब येथे चुकता होतो.

उतरती दौड सोपी, हा समज फसवा आहे. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात व प्रत्येक पावलाचा धक्का झेलतात. त्यामुळे स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणून तयारीत चढाइतकाच उताराचाही सराव हवा. महाराष्ट्रातील धावपटूंना साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात दोन्ही साधता येतात. सपाट शहरांत राहणाऱ्या परदेशस्थांना मात्र टेकडी शोधावी लागते. दौड बहुधा जूनमध्ये, म्हणजे तेथील हिवाळ्यात असते: पहाट गार, दुपार तापलेली. उत्तर गोलार्धातून जाणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. प्रवेशासाठी पूर्ण मॅरेथॉन ठरावीक वेळेत पार केलेली असावी लागते.

सहकाऱ्यांच्या नावाने सुरू झालेल्या या दौडीने सर्वांना सहकारी मानण्यास अर्धशतकाहून अधिक काळ घेतला. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड या महिलेने आणि १९३५ मध्ये रॉबर्ट म्तशाली या कृष्णवर्णीय धावपटूने अंतर पूर्ण केले. परंतु दोघांचीही अधिकृत नोंद झाली नाही. स्त्रियांना व कृष्णवर्णीयांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७५ मध्ये. १९८९ साली सॅम त्शबालाला हे पहिले कृष्णवर्णीय विजेते ठरले. आज नऊ ते दहा तासांदरम्यान पोहोचणाऱ्यांच्या पदकाला म्तशाली यांचे नाव आहे.

सध्या कालमर्यादा १२ तासांची आहे. ती संपताच एक अधिकारी धावपटूंकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो. कोण किती जवळ आले आहे, हे त्याने पाहू नये, हा त्यामागील हेतू. बारानंतर रेषेपाशी आलेल्यास पदक मिळत नाही. तोवर मागच्या टोकाला अनोळखी माणसे एकमेकांना खांदा देत रेषेकडे नेत असतात. नियम कठोर आणि माणसे मृदू, या दोहोंमुळेच दौडीचे नाव सार्थ ठरते.