गाळ कोणी काढायचा?

पाश्चात्त्य कादंबऱ्यांची भाषांतरे शिकविताना एक तपशील विद्यार्थ्यांना नेहमी परका वाटतो. रात्रभर हिमवर्षाव झालेला असतो आणि सकाळी घरातले कोणीतरी फावडे घेऊन दारापुढचा बर्फ उपसू लागते. सरबतात टाकतो तोही बर्फ आणि आकाशातून पडतो तोही बर्फच, अशी आपल्या भाषेची स्थिती आहे. त्यामुळे हे काम डोळ्यांपुढे उभे राहत नाही. भंडाऱ्याच्या वाचकाला मात्र ते समजावून घेण्यासाठी दूर जावे लागू नये, असे आम्हांला वाटते. आपल्याकडे बर्फ साचत नाही, गाळ साचतो. आणि त्याच्या उपशाचा इतिहास आपल्या तलावांइतकाच जुना आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यातील हजारो तलावांना आज 'मामा तलाव' म्हणतात. यातील 'मामा' हे नाते नव्हे; 'माजी मालगुजारी' या शब्दांचा तो सरकारी संक्षेप आहे. तलाव मात्र मालगुजारीहून पुरातन आहेत. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने त्यांतील अनेक बांधले, अशी परंपरा आहे. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे आणि ऊस पिकविणारे अशीच येते. पाळ, सांडवा, खाली धानाची बांधी आणि वर लहान बोड्या अशी ही रचना होती.

प्रत्येक पावसाळ्यात पाण्याबरोबर माती तलावात येणारच. म्हणून वैशाख-ज्येष्ठात तळ उघडा पडला की कुदळीने खणायचे, फावड्याने घमेल्यात भरायचे आणि गाडीने शेतात नेऊन पसरायचे. तलाव खोल होई, शेताला खत मिळे. हे चित्र गोड करून मात्र सांगू नये. मालगुजाराच्या अमलात गावाच्या श्रमाबरोबर वेठही होती, आणि घमेले कोणाच्या डोक्यावर असे हे जात ठरवीत असे.

फावड्याचेही एक शास्त्र आहे. अमेरिकेतील बेथलेहेम पोलाद कारखान्यात एकोणिसावे शतक संपताना फ्रेडरिक टेलर यांनी मजुरांच्या फावड्याचे वजन मोजले. एका वेळी सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो भार उचलला तर दिवसभराचे काम सर्वाधिक होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून जड खनिजासाठी लहान फावडे आणि हलक्या कोळशासाठी मोठे, अशी व्यवस्था झाली. हाच हिशेब बर्फाला आणि गाळाला लावून पाहावा. ताज्या भुसभुशीत बर्फाचा घनमीटर साधारण १०० किलोच्या आसपास भरतो; ओल्या गाळाचा दीड टनाहून अधिक. तेव्हा घमेले काठोकाठ भरण्यात शहाणपण नाही.

थंड प्रदेशांत घरोघरी दिला जाणारा सल्ला असाच आहे: शक्य तेथे उचलण्याऐवजी ढकलावे, गुडघ्यांत वाकावे, कंबर पिळून मागे फेकू नये, मध्ये थांबावे. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि हातांच्या एकाएकी श्रमाने हृदयावर ताण येतो. दर हिवाळ्यात काही माणसे या कामात दगावतात. आपल्याकडे शत्रू ऊन आहे, म्हणून काम पहाटे सुरू करून उन्हे चढण्यापूर्वी थांबवावे लागते. सर्वांत महत्त्वाचा नियम दोन्हीकडे एकच आहे: थर जाड होण्याची वाट पाहू नये.

अमेरिका-कॅनडातील अनेक शहरांत घरापुढच्या पदपथावरील बर्फ घरमालकाने ठरावीक वेळेत हटवावा, असा नियम असतो. कर्तव्य कोणाचे, हे तेथे लिहिलेले आहे. आपल्याकडे नेमके तेच पुसले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव शासनाचे झाले. वेठ गेली, हे न्याय्यच झाले. पण वेठीबरोबर वहिवाटही गेली. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदांकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. तलाव गावाच्या डोळ्यांपुढे राहिला, जबाबदारी कागदावर गेली आणि गाळाचा थर चढत राहिला.

२०१७ साली राज्य शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. जुनी वहिवाट शासकीय भाषेत परतली, असे म्हणता येईल. आता फावड्याच्या जागी यंत्र आहे. यंत्र एका दिवसात जे उपसते त्याला माणसांना महिने लागतील, आणि उन्हात वाकलेल्या पाठी वाचतात, हे आम्ही कमी मानत नाही. परंतु फावड्याला गाळ कोठे संपला आणि पाणी धरणारा घट्ट थर कोठे लागला, हे हाताला कळत असे. यंत्राला ते कोणीतरी सांगावे लागते. पाळीच्या पायथ्याशी खणले तर पाळच धोक्यात येते. हे सांगणारा माणूस गावात असणे, हा आज खरा प्रश्न आहे.

मराठीत 'गाळात जाणे' म्हणजे बुडणे आणि 'घाम गाळणे' म्हणजे कष्ट करणे. ही दोन्ही वाक्ये एकाच तलावाकाठी शिकविता येतात. आमच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर घरातल्या म्हाताऱ्यांना एवढेच विचारावे: आपल्या तलावातला गाळ शेवटचा कधी निघाला, आणि तो कोणी काढला? उत्तरे उतरवून ठेवावीत. सांगणारे आता फार उरलेले नाहीत.