ऑटो वेडिगेन : पहिल्या महायुद्धातील एका पाणबुडी कमांडरची कारकीर्द

पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी पाणबुडीच्या सामर्थ्याविषयी आरमारी वर्तुळात बरीच साशंकता होती. ९ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटिश क्रूझर ‘बर्मिंगहॅम’ने यू-१५ या जर्मन पाणबुडीला धडक देऊन बुडविल्याने ती अधिकच दृढ झाली. ५ सप्टेंबरला यू-२१ने ‘पाथफाइंडर’ बुडविली, तरी जुन्या समजुती बदलल्या नाहीत. या पार्श्वभूमीवर यू-९चा कमांडर ऑटो वेडिगेन (१८८२-१९१५) याच्या अल्पकालीन कारकिर्दीचा विचार येथे केला आहे.

वेस्टफालियातील हेरफोर्ड येथे जन्मलेल्या वेडिगेनकडे असलेली यू-९ तेव्हाही जुनाटच होती. तिची इंजिने रॉकेलवर चालत. पृष्ठभागावरून जाताना त्यांच्या धुरामुळे ती दुरूनही दिसे. तिच्याजवळ टॉर्पेडो होते अवघे सहा.

२२ सप्टेंबर १९१४ रोजी सकाळी डच किनाऱ्याजवळ ‘अबुकिर’, ‘होग’ व ‘क्रेसी’ या तीन ब्रिटिश क्रूझर संथ गतीने, सरळ मार्गाने गस्त घालीत होत्या. खराब हवामानामुळे संरक्षक विनाशिका सोबत नव्हत्या. सुमारे साडेसहाच्या सुमारास पहिला टॉर्पेडो ‘अबुकिर’वर आदळला. आपले जहाज सुरुंगावर आदळले, असा तिच्या कप्तानाचा समज झाला व त्याने इतर दोन जहाजांना जवळ बोलाविले. या एका गैरसमजाने पुढचे सारे घडले. बुडणाऱ्यांना वाचविण्यासाठी थांबलेल्या ‘होग’वर वेडिगेनने जवळून दोन टॉर्पेडो सोडले. ते सुटताच हलकी झालेली यू-९ क्षणभर पाण्यावर आली व तिच्यावर गोळीबारही झाला. ‘क्रेसी’ मात्र तरीही तेथून निघून गेली नाही. उरलेल्या तीन टॉर्पेडोंपैकी दोन तिला लागले. दीड तासाच्या आत १,४५९ माणसे प्राणास मुकली. मृतांत राखीव दलातील वयस्क खलाशी होते, तसेच डार्टमथच्या नाविक विद्यालयातील कोवळे कॅडेटही होते. ८३७ जण वाचले. त्यांतील अनेकांना ‘फ्लोरा’ व ‘टायटन’ या डच जहाजांनी उचलून घेतले.

या यशात वेडिगेनचे धैर्य व कौशल्य निर्विवाद होते. परंतु ब्रिटिश नौदल मंडळाच्या बेफिकिरीचा वाटाही त्यात मोठा होता, हे त्याच्या जर्मन चरित्रकारांनी क्वचितच मान्य केले. या घटनेनंतर मोठ्या जहाजांनी शत्रूच्या पाणबुडीचा धोका असताना बुडत्या सहकाऱ्यांसाठी थांबू नये, असा आदेश ब्रिटिश नौदलाने काढला. समुद्रावरील एक जुना धर्म असा मोडला गेला.

१५ ऑक्टोबरला वेडिगेनने ‘हॉक’ ही क्रूझर बुडविली. तीत पाचशेहून अधिक खलाशी मरण पावले. त्याच महिन्यात त्याला ‘पूर ल मेरीत’ हा प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला आणि जर्मनीत तो घरोघरी पोहोचला. पुढे यू-२९ या नव्या पाणबुडीचे नेतृत्व त्याच्याकडे आले. मार्च १९१५मध्ये सिली बेटांजवळ त्याने काही व्यापारी जहाजे बुडविली. १८ मार्च रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेस पेंटलंड सामुद्रधुनीच्या परिसरात ब्रिटिश ताफ्यावर हल्ला करताना पाणबुडीचा परिदर्शक दिसला व ‘ड्रेडनॉट’ या युद्धनौकेने तिला धडक दिली. यू-२९ वेडिगेनसह सर्व खलाशांना घेऊन बुडाली. जिच्या नावावरून एका युगातील युद्धनौका ओळखल्या गेल्या, त्या ‘ड्रेडनॉट’ची संपूर्ण युद्धातील लक्षणीय कामगिरी एवढीच ठरली.