बांधावरची माणसं

आमच्या घरात साथींच्या आठवणी मोजणीच्या कामाला जोडूनच सांगितल्या जात. प्लेगात अमक्या गावची मोजणी राहिली, मानमोडीनंतर, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर, हिश्शांची कामं तुंबली, असं. सांगायची ती थोरली आत्या. तिने हे सगळं आबांकडून, म्हणजे माझ्या आजोबांकडून ऐकलेलं. आबा सर्व्हेअर होते. त्यांचे वडील साखळीवाले. मोजणीदाराच्या पुढे साखळी ओढत उभा तालुका तुडवलेला माणूस. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागले तेव्हा आत्या म्हणाली, "या घराची साखळी काही सुटत नाही बघ." करोनाच्या दोन वर्षांत सातारा जिल्ह्यात मोजण्या करत फिरताना तिच्या गोष्टी मला सारख्या आठवत. साथ आमच्या कामाचं नेमकं काय करते, हे त्या गोष्टींइतकं नीट मला कुठल्याच परिपत्रकात सापडलं नाही.

आधी त्या साखळीबद्दल सांगते. ती 33 फुटांची, तिचे भाग 16 आणि प्रत्येक भागाला म्हणायचं आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे झाले की एकर. आज पुण्यात-साताऱ्यात गुंठ्याचा भाव विचारणारा माणूस नकळत तीच साखळी मोजत असतो. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जी जमीनमोजणी लावून धरली, ती या साखळीवर आणि शंकूवर चालली. त्यांच्या आधी प्रिंगलसाहेबाची पाहणी झाली होती, ती फसली. शंकू म्हणजे काठीवर बसवलेलं, काटकोनात खाचा पाडलेलं लाकूड. शेताच्या लांबीवर एक सरळ रेघ धरायची आणि शंकूतून पाहत दोन्ही बांधांपर्यंत काटकोनात अंतरं काढायची. ती अंतरं जिथे लिहिली ते टिपण. तालुक्याच्या अभिलेख कक्षात ही टिपणं आजही आहेत आणि हद्दीचा वाद टोकाला गेला की आम्ही शेवटी तिथेच जातो.

पण टिपणात न उतरलेला एक भाग आत्या रंगवून सांगायची. साखळी शेतात पडायची तेव्हा बांधावर गर्दी असायची. दोन्हीकडचे खातेदार, पाटील, कुलकर्णी आणि गावचा महार. शिवेचा तंटा निघाला की महाराचा शब्द प्रमाण, ही वतनाची जुनी रीत. कुठला दगड पुराने सरकला, कुठला मुद्दाम हलवला, हे पिढ्यान्‌पिढ्या त्याला तोंडपाठ. मी पाहिलेल्या टिपणांवर मोजणाऱ्याची सही आहे, दगड दाखवणाऱ्याचं नाव एकाही कागदावर नाही. ज्याच्या ज्ञानावर अख्ख्या गावची हद्द ठरली त्याला त्या हद्दीच्या आत धड जागाही मिळाली नाही, याचा आबांना शेवटपर्यंत राग होता आणि तो मलाही आहे.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. तोच 1897 चा कायदा 2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. मुंबई शहरात प्लेगाने मोजणीचं काम उलट वाढवलं. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या मोजून, पाडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले गेले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या. आमच्याकडे मात्र उंदीर पडायला लागले की गाव उठून माळावर जाई. पणजोबा तेव्हा पोरसवदा होते. ज्याने त्याने आपल्या शेतात, जमेल तिथे, कडब्याच्या झोपड्या घातल्या. महिनोन्‌महिने लोक तिथेच राहिले आणि काही जण गावात परतलेच नाहीत, तिथेच वस्ती करून राहिले. साथ ओसरल्यावर दोन भावकींत वाद लागला. एकाची झोपडी दुसऱ्याच्या हद्दीत होती की नव्हती? तो मिटवायला साखळी आली. पण बांधाची खूण दाखवणारा म्हातारा प्लेगात गेला होता. शेवटी एका बाभळीच्या बुंध्यावरून अंदाजाने रेघ धरली. आत्या म्हणायची, "माप बरोबर होतं गं, पण सांगणारा नव्हता. मग कोण ऐकणार?" ती रेघ त्या घरांना पुढे कधीच पटली नाही.

मानमोडी आली ती 1918 साली. मुंबईत जूनमध्ये, आणि खरा तडाखा सप्टेंबर-ऑक्टोबरात, देशभर. त्या वर्षी पाऊसही गेला होता. पणजोबा तोवर जाणते साखळीवाले झालेले. मोजणीचा मुक्काम गावाबाहेरच्या आमराईत होता. एका आठवड्यात मुक्कामातली बहुतेक माणसं तापाने आडवी झाली, काही उठलीच नाहीत. साखळी पाटलाच्या ओसरीवर ठेवून काम थांबवलं. दिवाळीनंतर सुरू केलं तेव्हा साखळीच्या मागच्या टोकाला धरायला माणूसच उरला नव्हता. मग पणजोबांनी त्या टोकाच्या कडीतून लोखंडी खुंटी ठोकली आणि एकट्याने साखळी ताणत, परत येऊन खुंटी उपटत, पुन्हा ठोकत एकामागून एक सर्व्हे नंबर काढले. वेळ दुप्पट लागला, पण माप चुकलं नाही. साथीच्या काळात आमच्या धंद्याने स्वतःत केलेला हा बदल घरातल्या आठवणीत सगळ्यात जुना.

आबांनी मला मोडी शिकवली ती जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या नोंदी, वाचता यावेत म्हणून. हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, त्यामुळे मानमोडीच्या वेळी फेरफाराच्या वह्या गावोगावी सुरू झालेल्या होत्या. मी त्या 1919 च्या सुमाराच्या नोंदी वाचल्या आहेत. ओळीमागून ओळ मयत, वारस, मयत, वारस. आणि वारसाच्या नावापुढे तीन अक्षरं: अ. पा. क. अज्ञान पालनकर्ती आई. मानमोडीने म्हातारी माणसं कमी आणि विशी ते चाळिशीतली कर्ती माणसं जास्त नेली. मागे उरल्या तरण्या विधवा आणि पाळण्यातली पोरं. कुठे आईचं नाव लागलं, कुठे चुलता ए. कु. मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून चढला. पोरं मोठी झाली, चुलत्याची मुलंही मोठी झाली आणि 'आमचा हिस्सा कुठे?' हा प्रश्न बांधावर आला. माझ्यापुढे आलेल्या भावकीच्या कितीतरी वादांची मुळं मी त्या वर्षांपर्यंत मागे नेऊ शकते.

जमिनीचे तुकडे तसे आधीपासूनच पडत होते. शेतीतज्ज्ञ डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी करून 1917 साली पुस्तक काढलं. त्या गावात 1771 साली सरासरी 40 एकर असलेलं खातं त्यांच्या वेळेपर्यंत 7 एकरांवर आलं होतं. हे मानमोडीच्या आधीचं. साथीने त्या तुकड्यांना आणखी धनी मिळाले. आबांच्या उमेदीचा काळ पोटहिस्से मोजण्यात गेला तो यामुळे.

साखळीनंतर प्लेन टेबल आलं, मग ईटीएस म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन, आता रोव्हर. या सगळ्यांतून एक गोष्ट घडत गेली: मोजणीला लागणारी माणसं कमी झाली आणि त्यांच्यातलं अंतर वाढलं. प्लेन टेबलाभोवती सगळा गाव डोकं घालतो, पेन्सिलची रेघ कुणाच्या अंगावर जाते ते बघायला. ईटीएसवर प्रिझम धरणारा माणूस दूर पलीकडच्या बांधावर असतो. रोव्हरची काठी एकटा माणूस घेऊन फिरतो. उपग्रह आणि राज्यात उभारलेली 77 कॉर्स केंद्रं, म्हणजे कायम चालू असणारी संदर्भ केंद्रं, मिळून त्याला जागा सांगतात.

मार्च 2020 मध्ये सरकारी कार्यालयांतली हजेरी 5 टक्क्यांवर आली आणि मोजणीच्या तारखा एकामागून एक पुढे गेल्या. त्याच दिवसांत मुंबई-पुण्याहून लोक गावी परतत होते. पाटण-जावळीकडच्या घरांतली कित्येक माणसं मुंबईत माथाडी. आधी शाळेत विलगीकरण, मग घर. पण घर म्हणजे चार भावांत मिळून तीन खण. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. इंग्रजांनी सारा बसवायला शेतं मोजली, गावठाणावर सारा नव्हता म्हणून ते नकाशात मोकळं सोडलं. पुढे 2000 वर वस्ती असलेल्या गावांचं भूमापन झालं, लहान गावं तशीच राहिली. कुणाची पडवी कुठे संपते याचा कागदच नव्हता, आणि कधी नव्हे ती सगळी भावकी एकाच वेळी घरात होती.

गावठाणाची ड्रोनने मोजणी करण्याचा प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत त्याआधीच झाला होता. टाळेबंदी चालू असताना, 24 एप्रिल 2020 रोजी, केंद्राने तशाच मोजणीची स्वामित्व योजना जाहीर केली आणि 11 ऑक्टोबरला सहा राज्यांतल्या 763 गावांच्या मिळकत पत्रिकांचं वाटप सुरू झालं; त्यांतली 100 गावं महाराष्ट्रातली. साथीच्या काळाला याहून सोयीचं यंत्र नाही, असं कुणालाही वाटावं. माणसं खाली, यंत्र वर. पण ड्रोन उडायच्या आधी प्रत्येक घराच्या कडेने चुन्याची फक्की मारावी लागते, तरच वरून हद्द दिसते. आणि फक्की कुठून न्यायची हे दोन शेजाऱ्यांनी दारात उभं राहून ठरवायचं असतं. तोंडाला मास्क लावून, अंतर ठेवून, बोटाने भिंतीचा कोपरा दाखवत माणसं ठरवत होती. जिथे ठरलं नाही, तिथे ड्रोनने सुंदर छायाचित्र काढलं आणि वाद तसाच राहिला.

शेतमोजण्या पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही नोटिशीतच लिहायला लागलो की खातेदाराने एकट्याने यावं. ते कुणी पाळलं नाही, आणि मला त्यांचा राग आला नाही. एका मोजणीला वाशीच्या बाजारात हमाली करणारा एक भाऊ प्रवासाचा ई-पास मिळेना म्हणून येऊ शकला नाही. पुतण्याने त्याला फोनवर व्हिडिओत घेतलं. "आंब्यापासून दोन पावलं खाली होता बांध," तो तिकडून ओरडून सांगत होता. धाकट्याने आंब्यापासून दोन पावलं टाकली, गवत बाजूला केलं, पाराईने उकरलं. दगड निघाला. सगळ्यांनी पाहिला, फोनमधल्याने पाहिला. तरी जबाबावर त्याची सही हवीच होती. ती तो दोन महिन्यांनी येऊन करून गेला, आणि त्याने ती बांधावर जाऊन, दगडाला हात लावून मगच केली.

सगळ्यात अवघड काम अंगठ्याचं. वृद्ध खातेदार पॅडवर अंगठा टेकवायचे, मग आम्ही त्यावर सॅनिटायझर ओतायचो. शाई पसरून सगळा तळवा जांभळा व्हायचा. एका आजींनी हात पुढे धरूनच विचारलं, "बाई, हे धुतलं तर अंगठा जायचा नाही ना कागदावरचा?"

मग 2021 चा एप्रिल-मे. त्या दोन महिन्यांबद्दल मी फार लिहू शकत नाही. आमच्या खात्यातली माणसं गेली, गावोगावचे तलाठी, कोतवाल गेले. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावी हद्द कायम करण्याची मोजणी लागली होती. जुन्या खुणा माहीत असलेले तिथे एकच गृहस्थ, नव्वदीचे नाना. तारीख पुढे गेली, परत पुढे गेली, आणि मेमध्ये ते वारले. पावसाळ्यानंतर मी रोव्हर घेऊन गेले. टिपणावरून कोपरे काढून दाखवले, सेंटिमीटरपर्यंत. दोन्ही बाजूंची माणसं गप्प उभी राहिली. त्यांतला एक जण म्हणाला, "मॅडम, यंत्राचं खरंच असंल. पण नाना असते तर आम्ही दोघांनीबी मान्य केलं असतं." क प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, दोघांनी घेतली आणि अपीलही दोघांनी केलं. आत्याने सांगितलेली बाभळीची गोष्ट ती हीच.

सव्वाशे वर्षांत मोजणारा माणूस शेतकऱ्यापासून लांब जात गेला, आणि त्यात चूक काही नाही. माप त्याने सुधारलंच. पण हद्द टिकते ती शेजाऱ्याने मान्य केल्यावर, आणि ते मान्य करायला लागणारी आठवण ज्यांच्याकडे असते, त्यांना साथ कधीही गाठू शकते. हे पुढच्या साथीतही बदलणार नाही. म्हणून वाचणाऱ्याला माझी विनंती आहे. घरात कुणी वारलं असेल तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्या. कायदा तेवढीच मुदत सांगतो. तोंडी वाटपावर वर्षानुवर्षं वहिवाट चालू असेल तर पोटहिस्सा मोजून घ्या. आणि घरातली, शेजारची जाणती माणसं चालती-बोलती आहेत तोवर त्यांना घेऊन एकदा शेताच्या चारही कोपऱ्यांवर जा. लगतच्या खातेदाराला आधी निरोप द्या आणि त्यालाही बरोबर न्या.