खंड्याची पालखी

खोडकर कुत्र्याच्या चित्रपटाविषयीं सुशिक्षित घरांत दोन मतें हटकून आढळतात. मुलांना तो पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो. वडील मंडळींस त्यांत पोरकटपणापलीकडे कांहीं दिसत नाहीं. १९९२ सालचा ‘बीथोवन’ हा अमेरिकन बोलपट या जातीचा चांगला नमुना आहे. सेंट बर्नार्ड जातीचा एक दांडगा कुत्रा टापटिपीच्या घरांत शिरतो आणि लाळ व चिखल यांनीं घर भरून टाकतो. गृहस्वामीचा धंदा हवा सुगंधित करणाऱ्या द्रव्यांचा, आणि त्याच्याच घरांत ही दुर्गंधी! अखेर कुत्र्याच्या रक्षणासाठीं धांवतो तोही तोच. कथानक बाळबोध आहे, शेवट आरंभींच कळतो, हे आक्षेप खरे आहेत. तथापि पुढच्याच वर्षीं त्याचा दुसरा भाग निघाला, इतका तो लोकांस रुचला. घरांतील कर्त्या पुरुषाची ऐट एक मुकें जनावर उतरवितें, आणि ती उतरलेली पाहून घरच्या सर्वांस मोकळें वाटतें, हें त्या रुचण्याचें कारण होय.

हा विनोद आम्हांस परका नव्हे. साताऱ्याच्या छत्रपति शाहू महाराजांनीं तो भर दरबारांत करून दाखविला. खंड्या हा त्यांचा आवडता कुत्रा. वाघाच्या शिकारींत त्यानें महाराजांचे प्राण वांचविले, म्हणून त्यास रीतसर सनदेनें जहागीर व पालखीचा मान मिळाला. पुढें इंद्रोजी कदम नांवाचे सरदार मोठ्या डौलानें भेटीस आले, तेव्हां महाराजांनीं जरतारी वस्त्रें व जवाहीर खंड्याच्या अंगावर घातलें, स्वतःची पगडी त्याच्या मस्तकीं ठेवली आणि आपण साधेपणानें बसले, अशी कथा परंपरेनें सांगतात. सरदारानें काय ओळखावयाचें तें ओळखलें.

ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासांत ही हकीकत दिली आहे. परंतु त्याच्या मतें तें बुद्धिभ्रंशाचें लक्षण होय. महाराजांचा अखेरचा काळ दुखण्यांत व राणी सगुणाबाईंच्या निधनाच्या शोकांत गेला, हें खरें; तेव्हां डफचें म्हणणें केवळ द्वेषमूलक म्हणून झटकून टाकतां येत नाहीं. पण त्याचीं विधानें छाननीवांचून स्वीकारूं नयेत, हा धडा निळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं १८६७ सालींच घालून दिला आहे. कृत्य एकच, डफला त्यांत वेड दिसलें, मराठी परंपरेला उपहास दिसला. निवाडा करावयाचा तर कर्त्याचें पूर्वायुष्य पाहिलें पाहिजे.

त्या पूर्वायुष्याचा एक धागा आमच्या नगरांत आहे. १६८९ सालीं रायगड पडला तेव्हां शाहू सात वर्षांचे होते. औरंगजेबानें या कैदी मुलास राजा हा किताब व सात हजारांची मनसब दिली! पुढचीं अठरा वर्षें बादशाही छावणीबरोबर फिरण्यांत गेलीं. खिलत कोणास मिळते आणि कोणाचा मान एका दिवसांत उतरतो, हें पाहण्यास याहून जवळची जागा नव्हती. १७०७ सालीं बादशहाचा अंत अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, भिंगारनजीक झाला. त्याचा देह खुलताबादेस नेऊन साध्या, उघड्या कबरींत ठेवण्यांत आला. त्याच वर्षीं सुटका झालेले शाहू दक्षिणेंत येऊन नगरास कांहीं काळ राहिले. पुढें खेडची लढाई झाली, आणि जानेवारी १७०८ मध्यें साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. जो स्वतः कैदेंत असतां सात हजारांचा मनसबदार होता, त्यास वस्त्रें आणि मनुष्य यांतील अंतर कोणी शिकवावयास नको होतें. कुत्र्यास पगडी घालण्यांत वेडापेक्षां या अनुभवाचाच भाग अधिक असावा, असें आम्हांस वाटतें.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चित्रपटांतील कुत्र्यानें केलेल्या नासधुशीचा भुर्दंड गृहस्वामी स्वतः सोसतो; खंड्याच्या पालखीचे भोई मात्र सरकारी खर्चानें, म्हणजे रयतेच्या पैशानें पोसले गेले. राजाचा विनोद कितीही मार्मिक असला तरी तो फुकट होत नाहीं. महाराजांनींही त्याची थोडी किंमत दिली. डफच्याच म्हणण्याप्रमाणें, त्या प्रसंगानंतर त्यांनीं मस्तकावर पुन्हा कांहीं घातलें नाहीं. १५ डिसेंबर १७४९ रोजीं ते वारले. माहुलीस त्यांच्या समाधीजवळच खंड्याचेंही स्मारक आहे.

म्हणून पालकांस आमचें सांगणें एवढेंच, कीं मुलें असला चित्रपट पाहून हंसत असतां त्यांस गप्प बसवूं नये. शक्य तर स्वतःही शेजारीं बसावें. आणि पुढच्या सुटींत त्यांना कृष्णा-वेण्णेच्या संगमावर नेऊन तो दगडी कुत्रा दाखवावा.