सिनाय पर्वत आणि संत कॅथरीनचा मठ : यात्रेकरूंसाठी ओळख

इजिप्त देशातील सिनाय द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात, तांबूस ग्रॅनाइटच्या उघड्याबोडक्या डोंगररांगांमध्ये ‘जबल मूसा’ म्हणजेच मोशेचा पर्वत उभा आहे. त्याची उंची २,२८५ मीटर आहे. मोशेला परमेश्वराने दहा आज्ञा दिल्या तो सिनाय पर्वत हाच, अशी ख्रिस्ती परंपरा चौथ्या शतकापासून चालत आली आहे. बायबलमधील सिनायच्या नेमक्या स्थानाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु सोळाशेहून अधिक वर्षे भाविकांनी येथेच येऊन प्रार्थना केली आहे, ही गोष्ट निर्विवाद आहे.

इजिप्तमार्गे पवित्र भूमीच्या यात्रेला जाणारे भाविक येथे बहुधा एकच रात्र मुक्काम करतात. मध्यरात्री चढाई, शिखरावर सूर्योदय, सकाळी मठाचे दर्शन आणि दुपारी पुढचा प्रवास, असा हा धावता कार्यक्रम असतो. इतक्या अल्प वेळात काय पाहावे आणि कोणत्या वृत्तीने पाहावे, याचा विचार निघण्यापूर्वीच व्हावा, यासाठी ही माहिती.

पर्वताची वाट

शिखराकडे जाणारे दोन मार्ग आहेत. पहिला उंटांचा मार्ग. तो लांब, पण सोपा आहे. दुसरा ‘पश्चात्तापाच्या पायऱ्यां’चा. मठवासीयांनी दगड रचून बांधलेल्या या पायऱ्यांची संख्या सुमारे ३,७५० सांगितली जाते. या वाटेवर दगडी कमानी लागतात. त्यांतील एका कमानीपाशी सहाव्या शतकातील स्टीफन नावाचे मठवासी यात्रेकरूंचे पापनिवेदन ऐकत असत आणि मगच त्यांना वर जाऊ देत, अशी परंपरा आहे.

दोन्ही वाटा शिखराखालच्या एका सपाटीजवळ एकत्र येतात. एलिया संदेष्ट्याला परमेश्वराचा मंद स्वर येथेच ऐकू आला, असे परंपरा मानते (१ राजे १९). तेथून शेवटच्या सुमारे ७५० पायऱ्या सर्वांनाच चढाव्या लागतात. माथ्यावर पवित्र त्रैक्याचे छोटे चॅपेल आहे. सहाव्या शतकातील चर्चच्या अवशेषांवर ते १९३४ साली उभारले गेले. जवळच एक लहान मशीदही आहे.

चढाईला साधारण तीन तास लागतात. सोबत स्थानिक बेदुईन वाटाड्या असतो. हिवाळ्यात येथे बर्फही पडते. म्हणून उबदार कपडे, बॅटरी व भक्कम बूट आवश्यक आहेत. गुडघ्यांचा वा हृदयाचा विकार असलेल्यांनी पायथ्याशी राहून प्रार्थना करावी. त्यात कमीपणा नाही. मोशे वर गेला तेव्हा इस्राएलची सारी प्रजा पायथ्याशीच होती.

मठ आणि त्याचा ठेवा

पायथ्याशी उंच दगडी तटबंदीच्या आत असलेला मठ सम्राट जस्टिनियन (राज्यकाल ५२७–५६५) यांनी बांधविला. ग्रीक ऑर्थोडॉक्स मठवासी तेथे आजही उपासना करतात. जगातील सर्वांत जुन्या अखंड चालत आलेल्या मठांपैकी हा एक होय. ‘शिडी’ या आध्यात्मिक ग्रंथामुळे ओळखले जाणारे संत जॉन क्लायमॅकस येथलेच मठाधिपती होते.

चर्चच्या वेदीमागील अर्धघुमटावर सहाव्या शतकातील प्रभूच्या रूपांतराचे मोझेक आहे. प्रभू येशूच्या दोन्ही बाजूंना मोशे व एलिया आहेत. दोघांचाही याच पर्वताशी संबंध आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या चित्राचा अर्थ उलगडतो. वेदीच्या मागे जळत्या झुडपाचे चॅपेल आहे. तेथे प्रवेश करताना मोशेप्रमाणेच पायांतील जोडे काढावे लागतात (निर्गम ३).

आठव्या व नवव्या शतकांत बायझंटाइन साम्राज्यात पवित्र चित्रांचा मोठ्या प्रमाणावर विध्वंस झाला. सिनाय त्या वेळी मुस्लिम सत्तेखाली असल्यामुळे सम्राटाचा हुकूम तेथे चालला नाही आणि सहाव्या शतकातील प्रभू येशूच्या मुखाचे सुप्रसिद्ध चित्र वाचले. मठाकडे हजरत मुहंमद पैगंबर यांच्या नावाचे एक संरक्षणपत्र जतन केलेले आहे. त्याच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत मतभेद असले, तरी शतकानुशतके मुस्लिम राज्यकर्त्यांनी त्याचा मान राखला. मठाची सेवा व राखण पिढ्यान्‌पिढ्या करणारे जबालिया बेदुईनही मुस्लिमच आहेत.

ग्रंथालयात तीन हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. चौथ्या शतकातील ‘कोडेक्स सिनायटिकस’ हे ग्रीक बायबल येथेच होते. जर्मन विद्वान टिशेनडॉर्फ यांनी १८४४ व १८५९ साली त्याची पाने बाहेर नेली. त्यातील मोठा भाग १९३३ साली सोव्हिएत सरकारने ब्रिटिश म्युझियमला एक लाख पौंडांना विकला. आपला ठेवा परत आला नाही, ही खंत मठवासीयांना आजही आहे.

संत कॅथरीन आणि गोवा

अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीन या चौथ्या शतकाच्या आरंभीच्या रक्तसाक्षी. त्यांचे पवित्र अवशेष या मठात आहेत. त्यांचा सण २५ नोव्हेंबर. १५१० साली याच दिवशी पोर्तुगिजांनी गोवा जिंकले, म्हणून जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल त्यांना समर्पित आहे. म्हणजे आपल्यापैकी अनेकांनी या संतेच्या नावाने उभारलेल्या मंदिरात गुडघे टेकलेले आहेत.

आजचा प्रश्न

२००० सालच्या फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे येथे यात्रेकरू म्हणून आले. २००२ साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा स्थळ घोषित केले. त्यानंतरच्या काळात या खोऱ्यात हॉटेले व पर्यटन संकुले उभारण्याचा मोठा सरकारी प्रकल्प सुरू झाला. २८ मे २०२५ रोजी इजिप्तमधील एका न्यायालयाने, मठवासीयांना मठ व धार्मिक स्थळे वापरण्याचा हक्क आहे, पण मालकी राज्याची आहे, असा निर्णय दिला. मठाचे पावित्र्य राखले जाईल, असे इजिप्त सरकारने सांगितले. तरीही ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने तीव्र चिंता व्यक्त केली.

या वादात यात्रेकरूचाही वाटा आहे. आपण केवळ सूर्योदयाची छायाचित्रे काढण्यास गेलो, तर हे स्थळ पर्यटनाचे आहे, असे म्हणणाऱ्यांच्याच पारड्यात आपले वजन पडते. मठ पाहुण्यांसाठी सकाळचे थोडेच तास उघडा असतो. रविवारी व सणांच्या दिवशी बंद असतो. याबद्दल कुरकुर करू नये. कारण तो वेळ प्रार्थनेचा आहे आणि त्या प्रार्थनेमुळेच हा मठ टिकला आहे.

निघण्यापूर्वी निर्गम १९, २० व २४ हे अध्याय घरी वाचावेत. चढताना थोडा वेळ मौन पाळावे. माथ्यावर दहा आज्ञा म्हणून आपल्या जीवनाची तपासणी करावी. मोशे पर्वतावर राहिला नाही. हाती घेतलेल्या आज्ञा त्याला खाली, लोकांमध्ये न्यायच्या होत्या. आपल्या यात्रेची परीक्षाही घरी परतल्यावरच होते.