तुरुंग भरतो कुठे? बिलोलीत

कारागृहांबद्दल आपल्याकडे एक समजूत इतकी रुळली आहे की ती तपासून पाहावी असं कोणाला वाटतच नाही. तुरुंगात माणसं मावत नाहीत, कारण तुरुंग लहान आहेत. इमारती इंग्रजांच्या नाहीतर निजामाच्या काळातल्या आणि गुन्हेगार मात्र आजचे. तेव्हा शहराबाहेर ऐसपैस जागा घ्या, उंच भिंतीचा नवा तुरुंग बांधा, कडक शिस्तीचा अधीक्षक आणा, की प्रश्न मिटला. आमदार हे सांगतात, वर्तमानपत्रं हेच छापतात आणि चहाच्या टपरीवरही हेच ऐकू येतं. टपरीवर फक्त 'सरकारी जावई' हा शब्द जोडला जातो.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही, आणि त्याचं बळ आधी मान्य केलं पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ आहे आणि आत ५,७३,२२० माणसं आहेत. महाराष्ट्रात जागा २५ हजारांच्या आसपास आणि बंदी ४१ हजारांच्या घरात. बराकीत एका कुशीवर झोपायचं, दुसऱ्याने कूस बदलली की आपणही बदलायची, संडासासाठी पहाटे रांग धरायची, हे आत जाऊन आलेला कोणीही सांगेल. आत असलेल्या माणसाला आज रात्री अंग टाकायला जागा हवी आहे, आणि ती दिलीच पाहिजे. तिथपर्यंत माझा वाद नाही. वाद आहे तो निदानाशी.

नवा तुरुंग बांधून काय होतं याचा दाखला मुंबईशेजारीच आहे. ८०४ जणांसाठी असलेल्या आर्थर रोडमध्ये काही हजार माणसं कोंबली जात. तो भार हलका करायला तळोजा उभं राहिलं, २,१२४ जणांच्या क्षमतेचं. तळोजा भरलं, ओसंडलं, आणि आर्थर रोडही रिकामं झालं नाही. शिवाय नुसत्या इमारतीने तुरुंग होत नाही. त्याच २०२२ च्या आकडेवारीत देशभरातल्या कारागृहांतली जवळजवळ ३० टक्के मंजूर पदं रिकामी आहेत. जुन्या तुरुंगाला शिपाई मिळत नाही, तो नव्याला कुठून आणणार?

अधीक्षकाच्या हातात काय आहे ते पाहू. परवापरवापर्यंत बहुतांश देशाचा कारभार ज्यावर चालला तो कारागृह अधिनियम १८९४ चा. त्याच्या सातव्या कलमात गर्दीचा विचार आहे. माणसं जास्त झाली आणि दुसरीकडे हलवणं सोयीचं नसलं, तर तात्पुरता तुरुंग करून त्यांना निवारा द्यावा, असं ते कलम सांगतं. गर्दी येतेच का, हा प्रश्न त्या कायद्याला पडत नाही. १९०० चा बंदी अधिनियम तर स्पष्ट म्हणतो की रीतसर पाठवलेल्या माणसाला तुरुंगाच्या अधिकाऱ्याने ठेवून घेतलंच पाहिजे. न्यायालयाचं वॉरंट आलं की दरवाजा उघडायचा. 'जागा नाही' अशी पाटी अधीक्षकाला लावता येत नाही, आणि आपल्या मर्जीने कोणाला सोडताही येत नाही. किती आले आणि किती दिवस राहिले, या दोन्ही गोष्टी त्याच्या भिंतीबाहेर ठरतात. गर्दीचा जाब मात्र आपण त्यालाच विचारतो.

हिशेब साधा आहे. एखाद्या जिल्हा कारागृहात रोज चार माणसं येतात आणि प्रत्येक जण सरासरी ५० दिवस राहतो असं धरा. मग कोणत्याही दिवशी आत २०० माणसं असणार. गुन्हे तेवढेच, अटका तेवढ्याच, फक्त मुक्काम दहा दिवसांनी वाढला की संख्या २४० होते. एक अख्खी बराक त्या दहा दिवसांनीच भरली. म्हणून गुन्हेगारी वाढली की तुरुंग भरतात हे अर्धंच खरं आहे. मुक्काम लांबला तरी ते भरतात, आणि आत असलेल्या शंभरातल्या सुमारे ७६ जणांच्या खटल्याचा निकालच लागलेला नसेल, तर मुक्कामाची लांबी हाच सगळ्यात मोठा घटक ठरतो.

हे दिवस वाढतात कुठे, हे पाहायला बिलोलीइतकं सोयीचं ठिकाण नाही. नांदेडपासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. इथे अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायालय आहे. पलीकडे मांजरा नदी, मांजरेवर येसगीचा पूल, आणि पूल ओलांडून पुढे गेलं की तेलंगणातलं बोधन. १९५६ पर्यंत दोन्ही काठ हैदराबाद राज्यातच होते. राज्यांची सीमा नदीतून गेली, सोयरीक मात्र तशीच राहिली. बिलोलीच्या घरात बोधनची सून आहे आणि बोधनच्या बाजारात मराठी चालते.

आता समजा, मांजरेच्या वाळूचा एक हायवा डंपर रात्री पकडला. चालक पलीकडच्या गावचा, पंचविशीतला, रोजाने येणारा. पोलीस कोठडी संपली, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली, आणि कैदी पार्टी, म्हणजे बंद्यांची ने-आण करणारं पोलीस पथक, त्याला नांदेडच्या तुरुंगात सोडून आली. चारआठ दिवसांत वकिलाने अर्ज केला आणि जामीनही मंजूर झाला: इतक्या हजारांचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. कागदावर तो माणूस त्या दिवशी सुटला. प्रत्यक्षात त्याचा खरा तुरुंगवास तिथून सुरू होतो. जामीनदाराला सातबारा लागतो, ऐपतीचा दाखला लागतो, आधार, फोटो लागतात. चुलत्याला तीन एकर आहे, पण ते तेलंगणात. तिथलं पट्टादार पासबुक इथल्या टेबलावर कोणी वाचायचं? पडताळणीचं पत्र कोणत्या ठाण्याला लिहायचं? 'स्थानिक जामीनदार आणा' असं सांगितलं जातं. बिलोलीतला ओळखीचा शेतकरी परक्यासाठी सातबारा काढायला बिचकतो, आणि त्यात त्याचं फारसं चुकतंही नाही. एक शनिवार, एक रविवार, तलाठी दौऱ्यावर, साहेब रजेवर, पुढची तारीख. वाळूचा मालक, ज्याच्यासाठी तो हायवा चालत होता, त्याला यातलं काहीच सोसावं लागत नाही. त्याचे जामीनदार तयारच असतात.

ऐपतीचा दाखला देतो तहसीलदार. महाराष्ट्रातल्या अनेक तालुक्यांत दुय्यम कारागृह असतं, आणि त्याचा अधीक्षकही तहसीलदारच असतो. म्हणजे माणसाला आत ठेवण्याची जबाबदारी आणि त्याला बाहेर काढणाऱ्या कागदावरची सही एकाच खुर्चीत बसलेली असू शकते. कारागृह व्यवस्थापनावर बोलणारे कधी तहसील कचेरीकडे बोट दाखवत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

हा प्रश्न न्यायालयांना नवा नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण आलं. खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भावाने जामीन राहायची तयारी दाखवली तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या भूगोलाचा चांगलाच समाचार घेतला आणि गवंड्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. तिथे फक्त जिल्हा दुसरा होता. इथे राज्य दुसरं आहे, तत्त्व तेच. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बांधून दिलं. जामिनाचा आदेश ई-मेलने तुरुंगात पाठवायचा. सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने अट सैल करण्याचा विचार करायचा. स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका अडत असेल तर ती अट न घालण्याचीही सूचना त्यात आहे. या आदेशात विटा-सिमेंटचा उल्लेखही नाही, तरी तुरुंगाच्या गर्दीवरचा इतका नेमका उपाय मी दुसरा वाचलेला नाही.

यावर एक तगडा आक्षेप आहे. त्या सुमारास राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने देशभर मोजणी केली, तेव्हा जामीन होऊनही आत राहिलेले सुमारे पाच हजार निघाले, आणि त्यांतले १,४१७ पुढे सुटले. न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, बंदी होते सव्वाचार लाखांहून अधिक. पाच हजार म्हणजे जेमतेम एक टक्का. एवढ्यासाठी इतका ऊहापोह?

आक्षेप वजनदार वाटतो, पण तो वर केलेला हिशेब विसरतो. पाच हजार हा एका दिवशी मोजलेला आकडा आहे. प्रत्येक जण असा सरासरी महिनाभर अडकत असेल, तर वर्षाकाठी साठ हजार माणसं या चिमट्यातून जातात. आणि जामीनदार मिळणारच नाही म्हणून अर्जच न करणारे, वकिलाची फी जमेपर्यंत थांबलेले, कैदी पार्टी मिळाली नाही म्हणून ज्यांची तारीख नुसतीच पुढे गेली ते, यांतला एकही त्या पाच हजारांत नाही. जामीन झालेला माणूस निदान मोजता तरी येतो. बाकीचे 'गुन्हेगारी वाढली' या खात्यात जमा होतात.

कायदेमंडळाने काहीच केलं नाही असंही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ वं कलम म्हणतं की पहिलाच गुन्हा असलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडावं, आणि त्यासाठी अधीक्षकाने स्वतःहून न्यायालयाकडे अर्ज करावा. अधीक्षकावर असं कर्तव्य टाकलं हे चांगलंच झालं. पण साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणजे एक तृतीयांश झालं एक वर्ष. आपल्या हायवावाल्याचा प्रश्न तीन आठवड्यांचा आहे, आणि त्याला औषध वर्षाने मिळणार. शिवाय एकाहून अधिक गुन्हे नोंदलेले असले की हे कलम बाजूला होतं. पारध्याच्या किंवा कैकाड्याच्या पोरावर एकाहून अधिक गुन्हे कसे नोंदले जातात हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको.

मोठ्या तुरुंगाचा इतका सोस आपल्याला का, यावर थोडं विषयांतर करतो. मराठी वाचकाच्या मनातला तुरुंग सत्याग्रह्याचा आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली गेली. त्यामुळे तुरुंग म्हणजे शिक्षा भोगायची आणि जमलं तर माणूस घडायची जागा, असं आपण धरून चालतो. मग तिथे ग्रंथालय हवं, उद्योग हवेत, शिस्त हवी, आणि या सगळ्याला जागा हवी. सगळं रास्त आहे. पण शिक्षा झालेल्या सत्याग्रह्याला सुटकेची तारीख ठाऊक असे. न्यायाधीन बंद्याला ती नसते. तो हातमागही शिकत नाही आणि गीताही ऐकत नाही. तो मुलाखतीच्या दिवसाची वाट पाहतो, आणि मुलाखतीला येणाऱ्याचा बिलोली-नांदेड एक दिवसाचा रोज बुडतो. नवा तुरुंग शहराबाहेर गेला की त्या रोजात रिक्षाचं भाडं वाढतं.

भिंतीवाचूनही तुरुंग चालतो हे महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवलं. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत झाली. व्ही. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे तीच प्रेरणा होती. मराठवाड्यात पैठणला १९६८ पासून खुलं कारागृह आहे. पण खुल्या कारागृहात जातो तो शिक्षा झालेला आणि वर्तन चांगलं ठरलेला बंदी. न्यायाधीनाला तिथे प्रवेश नाही. म्हणून शेतात राबत, जवळजवळ मोकळे राहतात ते दोषी ठरलेले, आणि बराकीत एका कुशीवर झोपतात ते कायद्याने अजून निर्दोष असलेले. देशात खुल्या कारागृहांतल्या सगळ्या जागा भरलेल्याही नसतात. ही उलटी रचना कोणी मुद्दाम केली नाही. १८९४ पासून तुरुंगाचा विचार फक्त आतून झाला, त्याचं हे फळ आहे.

मग जिल्हा पातळीवर काय करायचं? केंद्राने २०२३ मध्ये गरीब बंद्यांसाठी योजना आणली. मूळ योजनेत जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंडासाठी २५ हजारांपर्यंत सरकार भरणार होतं. त्याची समिती जिल्ह्याला बसते. तीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, न्यायाधीश आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. अडलेला कागद मात्र तालुक्याला असतो, आणि तिथला कोणी त्या समितीत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तालुका विधी सेवा समितीही सांगितली आहे. बिलोलीच्या न्यायालयांतून पाठवलेल्या आणि जामीन होऊनही आत असलेल्या बंद्यांची यादी नांदेडच्या अधीक्षकाने दर सोमवारी या तालुका समितीकडे पाठवावी, एवढंच माझं म्हणणं आहे. यादीत नाव, न्यायालय, आदेशाची तारीख, रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात सुटका कशामुळे अडली तो कागद. तहसीलदाराचा एक कारकून आणि ठाण्याचा एक जमादार त्या बैठकीला बसवावा. नदीपलीकडच्या जामीनदाराची पडताळणी बोधनच्या ठाण्याला फोन करून त्याच दिवशी मागवावी, आणि ती दोन दिवसांत आली नाही तर त्याच आठवड्यात न्यायालयापुढे अट बदलण्याचा अर्ज ठेवावा. यामुळे न्यायालयांचं काम वाढेल असं म्हटलं जाईल. थोडं वाढेलच. पण आज तेच काम दर चौदा दिवसांनी कैदी पार्टी, डिझेल आणि पुढची तारीख या रूपात होतंच आहे.